मायसाठी आणलेला निरोप

त्या हिवाळ्यात आमची सिग्नलची डिटॅचमेंट, म्हणजे छोटी तुकडी, पूर्वेकडच्या सरहद्दीवर, उंचावरच्या एका पोस्टला होती. पोस्टचं नाव लिहीत नाही. मी तेव्हा नायब सुभेदार होतो, हाताखाली नऊ जवान. काम सांगायला सोपं: खालच्या हेडक्वार्टरपासून वरच्या चौक्यांपर्यंत टेलिफोनची केबल टाकलेली, ती चालू ठेवायची. बर्फानं तुटली की जोडायची. पुन्हा तुटली की पुन्हा जोडायची. लोकांना वाटतं सरहद्दीवर रोज गोळ्या चालतात. आमच्या पोस्टवर त्या वर्षी एकही गोळी चालली नाही. माणूस मात्र गेला.

मला शाळा-कॉलेजात भाषणाला बोलावतात. शौर्यकथा सांगा म्हणतात. मी ही गोष्ट सांगायला लागलो की आयोजकांची चुळबुळ सुरू होते. म्हणून आता लिहूनच काढतो.

लाइन पार्टी म्हणजे केबल दुरुस्त करायला जाणारी दोघांची जोडी. माझ्याकडची सगळ्यात चांगली जोडी होती नाईक लालरेमरुआता आणि सिग्नलमॅन गजानन. लालरेमरुआता मिझोरामचा. तो पोस्टवर रिपोर्ट करायला आला त्या दिवशी आमच्या हवालदारानं त्याचं नाव दोनदा वाचलं आणि म्हणाला, "इतना लंबा नाम कौन लेगा? आज से तू लाला." सगळे हसले. तोही हसला. आठवड्याभरात लाल्याचा मोमो झाला. जनरेटर बंद पडला की कुणीतरी हमखास म्हणायचं, "चायना का माल है, मोमो से पूछो." लंगरमध्ये, म्हणजे पोस्टच्या स्वयंपाकघरात, मटण झालं की, "तेरे को तो कुत्ते का लगेगा ना?" पुन्हा सगळे हसायचे. तो ताट घेऊन बाजूला बसायचा आणि जेवायचा.

आता हेही सांगतो, कारण ते खरं आहे. त्या हसणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तो तापानं फणफणला तेव्हा याच लोकांनी त्याला पाठीवर घेऊन खाली उतरवलं. मनात काही नव्हतं. पण हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलं आहे की आता ऐकलं की टाळकं सणकतं. मी बुलढाण्यातल्या साखरखेर्ड्याकडचा, बौद्ध घरातला. भरती झाल्यावर एका साहेबांनी माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. साहेब क्षणभर थांबले, मग पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अच्छा, अच्छा. कोई बात नहीं." फार भला माणूस. पण मी काही त्यांची माफी मागितली नव्हती. मग कोणती बात नहीं, हे मी पुढं कित्येक वर्षं स्वतःशी विचारत राहिलो. त्यांना तर संध्याकाळपर्यंत ते आठवलंही नसेल.

गजानन मेहकर तालुक्यातला. गावाचं नाव नको, माणसं अजून तिथंच राहतात आणि मलाही त्या रस्त्यानं जावं लागतं. शेतकरी घरचा पोरगा, वय चोवीस, बाप लहानपणीच गेलेला, घरी माय आणि धाकटा भाऊ संतोष. अखंड बडबड्या. तो पोस्टवर आला तेव्हा लालरेमरुआतासमोर उभा राहून म्हणाला, "भाऊ, तुमचं नाव पुन्यांदा सांगा बरं." तीन वेळा म्हणवून घेतलं. घरी काय म्हणतात तेही विचारलं. घरी रुआता म्हणतात असं कळलं, तेव्हापासून गजाननसाठी तो रुआताभाऊ. यात त्यानं काही मोठं केलं असं त्याला वाटलं नसावं. त्याला नाव घ्यायचं होतं म्हणून त्यानं विचारलं, बस्स.

गजानन त्याच्याशी सरळ वऱ्हाडीत बोलायचा. "रुआताभाऊ, काऊन गप बसले? जीव लागून नाही राह्यला का?" रुआता हिंदीत उत्तर द्यायचा. शब्द थोडेच कळायचे, पण दोघांचं बरोबर चालायचं. गजाननची माय जवसाची चटणी आणि तिखट शेंगदाणे पाठवायची, आणि फोनवर पहिला प्रश्न असायचा, "रुआताले देल्ली का रे?" त्या बाईनं त्याला पाहिलेलं नव्हतं, पण नाव अगदी नीट घ्यायची.

जानेवारीत तीन दिवस सलग बर्फ पडलं. चौथ्या दिवशी दुपारी वरच्या चौकीची लाइन डेड झाली. वायरलेस मधूनच लागत होता, मधूनच नाही. वरच्या चौकीत एक जवान आजारी होता, त्याच्यासाठी डॉक्टरांशी बोलणं चालू होतं, म्हणून लाइन बंद राहून चालणार नव्हतं. मी पार्टी पाठवायचं ठरवलं. रुआता बूट बांधूनच उभा होता. मी त्याच्याशी हिंदीतच बोलायचो, माझं बोलणं इथं मराठीत लिहितो.

"साब, हम दोनों जाते हैं."

"नाल्याच्या वरून जा. खालून नको."

"ठीक है साब."

पाऊण तासानं वायरलेसवर आवाज आला. "हॅलो एक्सचेंज. फॉल्ट मिल गया. जॉइंट कर रहे हैं. ओव्हर." मागून गजाननचं काहीतरी बोलणं ऐकू आलं. तो बर्फातही गप्प बसत नव्हता.

लाइन जोडली गेली. मी टेस्ट केली, चालू होती. मी त्यांना परत यायला सांगितलं. त्यानंतर दहा-बारा मिनिटांनी पुन्हा वायरलेसचा सेट वाजला.

"एक्सचेंज, एक्सचेंज. बर्फ आया. गजानन नहीं दिख रहा."

"तू ठीक आहेस?"

"गजानन नहीं दिख रहा, साब."

"पार्टी निघतेय. तिथंच थांब. ओव्हर."

"खोद रहा हूँ."

मी सहा जणांना घेऊन निघालो. बर्फ कमरेपर्यंत होतं. वाटेत एकदा सेट लागला. "मिल गया. बोल रहा है." मग काही लागलं नाही. आम्हाला तिथं पोचायला तासापेक्षा जास्त वेळ लागला. रुआता बर्फात बसलेला होता. गजाननचं डोकं त्याच्या मांडीवर, अंगावर रुआताचाच कोट. रुआताच्या हातमोज्यांच्या चिंध्या झाल्या होत्या, बोटांतून रक्त येत होतं. छातीला आतून मार बसला होता, आम्ही पोचलो तेव्हा गजानन गेलेला होता. बाहेर काढल्यावर तो साधारण चाळीस मिनिटं जिवंत होता आणि बराच वेळ शुद्धीवर होता, हे रुआतानं नंतर रिपोर्टमध्ये सांगितलं. काय बोलला, ते रिपोर्टमध्ये सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

कंपनी कमांडर साहेबांनी गजाननच्या घरी फोन लावला तेव्हा मी शेजारी उभा होतो, भाषेसाठी. माय रडली नाही. तिनं एकच विचारलं, "त्याच्यापाशी कोण होतं?" मी म्हणालो, रुआता होता. ती म्हणाली, "मंग त्याले पाठवा. मले त्याले पाह्यचं हाय."

रुआताच्या बोटांना पट्ट्या होत्या, डॉक्टर त्याला सोडायला तयार नव्हते. त्यानं साहेबांकडे अर्ज केला. शवपेटीसोबत एस्कॉर्ट म्हणून मी आणि तो, असं ठरलं. विमानानं नागपूर, तिथून लष्कराच्या गाडीनं मेहकर. गाडीत मी पुढं बसलो होतो, तो मागं पेटीजवळ. वर्ध्याच्या पुढं केव्हातरी मी वळून पाहिलं तर त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करतोय. ख्रिश्चन माणूस. पुन्हा पाहिलं, तरी चालूच.

"काय रे, प्रार्थना?"

"नहीं साब. गजानन ने माँ के लिए बोला था. मराठी में. याद कर रहा हूँ, भूल न जाऊँ."

मी म्हणालो, मला म्हणून दाखव, उच्चार सुधारून देतो.

त्यानं मान हलवली. "आप सुधारेंगे तो उसका नहीं रहेगा साब. जैसा सुना, वैसा ही दूँगा. पहले माँ को."

अर्थ माहीत आहे का, विचारलं. नाही म्हणाला. त्यानं फक्त आवाज पाठ केले होते. अर्थ कळत नसलेली ओळ माणूस चार दिवस, त्या हातांनी, त्या थंडीत, विमानात, गाडीत धरून बसतो, याची कल्पना करा. मग तो आपणहून बोलला, त्याच्यासाठी ते पुष्कळच होतं. त्यांच्याकडे माणूस गेलेल्या घराला एकटं सोडत नाहीत. शेजारपाजार, गावातली तरुण पोरं रात्ररात्र त्या घरात बसतात, गाणी म्हणतात. "मैं भी माँ के पास बैठूँगा साब. गाना नहीं गाऊँगा. बस बैठूँगा."

गावाच्या फाट्यावर दोनेक हजार माणूस असेल. फुलांचा ट्रॅक्टर, स्पीकर, तिरंगे. गजानन बर्फाखाली सापडून गेला हे पेपरात आलेलं होतं, तरी घोषणा चालू होत्या, चीन मुर्दाबाद. आम्ही पेटी ट्रॅक्टरवर चढवली. रुआता पेटीच्या उजव्या बाजूला उभा राहिला, सावधान. आणि गर्दीतून आवाज आला, "हा कोण बे चिनी?"

काही जण हसले. लगेच कुणीतरी त्यांना दटावलं. रुआताची मान हलली नाही. मी माइक मागून घेतला आणि सांगितलं, हा नाईक लालरेमरुआता, भारतीय सेनेचा जवान, यानंच गजाननला हातानं उकरून बर्फातून बाहेर काढलं.  मग टाळ्या सुरू झाल्या. मग त्याला हार घातले. अंत्ययात्रेत जिवंत माणसाच्या गळ्यात हार पडताना मी पहिल्यांदा पाहिलं. तिथून पुढं सगळं गाव त्याच्याशी इतकं चांगलं वागलं की सांगायची सोय नाही.

घराशी पेटी उतरवली तेव्हा तो मायकडं निघाला. गावातल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, प्रवीण, चांगला तीस-पस्तिशीचा माणूस, छातीला स्वयंसेवकाचा बिल्ला, त्यानं त्याला हाताला धरून बाजूला घेतलं. "साहेब, बायकांची गर्दी हाय. तुम्ही आमचे पाव्हणे. आराम करा." स्मशानाकडं निघताना तो खांदा द्यायला पुढं झाला. हाताच्या पट्ट्या पाहून दोघांनी त्याला प्रेमानं मागं घेतलं. एका गुरुजींनी विचारलं, नेपाळचे का? तो म्हणाला, मिझोराम. गुरुजी म्हणाले, "अरे वा. हिंदी छान बोलता हो." गुरुजींनी मिझोराम पोरांना नकाशात शिकवलेलं असणार.

सलामी झाली. संतोषनं अग्नी दिला. मी तहसीलदार आणि सरपंचांसोबत कागदपत्रांसाठी मागं थांबलो. रुआताला मी सांगितलं, तू घरी जा, मायजवळ बस, मी येतोच. मी सोबत माणूस दिला नाही. गरज वाटली नाही, सगळं गाव त्याला हातावर झेलत होतं.

आमच्याकडं सरण पेटवून आल्यावर त्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे, सोयरे पिठलं-भाकर घेऊन येतात आणि घरच्यांसोबत खाली बसून दोन घास खातात. याला कडू घास म्हणतात. घरच्यांना जेवायला लावायचं, तुम्ही एकटे नाही हे सांगायचं, एवढाच त्याचा अर्थ. रुआता आला होता तो नेमका यासाठीच. त्याच्या गावात गाणी, आमच्या गावात भाकर, गोष्ट एकच. पण तो घराकडं वळला तसं प्रवीण आणि चार-पाच जणांनी त्याला ग्रामपंचायतीच्या ऑफिसात नेलं. पंखा लावला. खुर्ची दिली. पिठलं-भाकर काही त्याला चालणार नाही, म्हणून मोटरसायकल पाठवून मेहकरहून त्याच्यासाठी चायनीज मागवलं. नूडल्स, मंचुरियन, वर लाल सॉस. आपल्या खर्चानं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. ते मला रुआतानं सांगितलं, आणि नंतर प्रवीणनंही सांगितलं. दोघांचं सांगणं तंतोतंत जुळतं.

रुआतानं प्लेटला हात लावला नाही. तो उठला. "माताजी के पास जाना है."

प्रवीण म्हणाला, "मायले हिंदी समजत नाही साहेब. काय सांगायचं ते आम्हाले सांगा."

"मुझे ही बोलना है."

"मंग मराठी येते का तुम्हाले?" प्रवीण हसत म्हणाला. "बोलून दाखवा बरं. मंग सोडतो."

आता गंमत म्हणजे गंमत. गावात असं बोलतातच. पण रुआता शिपाई. पहारेकऱ्यानं हटकलं की ओळख सांगायची आणि पुढं जायचं, हे त्याच्या अंगात भिनलेलं. त्याला वाटलं, मराठी बोलून दाखवली की हे आत सोडणार आहेत. त्याच्याजवळ मराठी एवढीच होती. तो सावधान उभा राहिला आणि त्यानं गजाननचा निरोप म्हटला.

ते हसले. त्या तोंडातून आपली वऱ्हाडी ऐकून त्यांना मौज वाटली. मांडीवर हात मारून हसले. सकाळपासूनचा ताण होता, गजानन त्यांच्याच शाळेत शिकलेला होता, हसू फुटायला निमित्त हवं होतं, हे मी समजू शकतो. एकानं मोबाइल काढला. "पुन्यांदा म्हणा साहेब, पुन्यांदा." रुआताला वाटलं, आपलं नीट झालं नाही, यांना कळलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं, जास्त मोठ्यानं, जास्त सावकाश. ते जास्त हसले. तिसऱ्यांदा म्हणा म्हणाले, तेव्हा तो खुर्चीवर बसला.

मी सरपंचांसोबत तिथं पोचलो तेव्हा पोरं अजून खुशीत होती. प्रवीण कौतुकानं म्हणाला, "साहेब, तुमचा जवान काय भारी मराठी बोलते, पाहा तं खरं." मोबाइल माझ्यासमोर धरला. मला स्क्रीनवर रुआता सावधान उभा दिसला आणि हसण्याचा आवाज आला. एवढंच दोन-तीन सेकंद. माझं डोकं फिरलं. सुतकाच्या दिवशी, हुतात्म्याच्या गावात, माझ्या जवानाचा तमाशा. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. सरपंचही भडकले. "डिलीट कर बे आधी ते. लाज नाही वाटत?" पोरगा घाबरला, त्यानं डिलीट केलं. रिसायकल बिनमधूनही काढून टाकलं आणि मोबाइल मला दाखवला, माझं समाधान व्हावं म्हणून. सरपंच म्हणाले, "झालं साहेब. मिटलं. पोरायच्या मनात काही नव्हतं, मनावर घेऊ नका."

मी रुआताला बाहेर नेलं. विचारलं, काय म्हणायला लावलं तुला?

"साब, वो गजानन का था."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी परत आत गेलो आणि प्रवीणची कॉलर धरली. "काय म्हणाला तो? शब्द सांग."

प्रवीणचा चेहरा पांढरा पडला. "साहेब, मायचं काहीतरी होतं. माय, असं काहीतरी. आम्ही हसून राह्यलो होतो साहेब. नीट ऐकलंच नाही." बाकीच्यांकडं पाहिलं. पाच जण होते. पाचांपैकी एकालाही सांगता येईना. अख्खा निरोप दोनदा म्हटला गेला होता, सावकाश, मोठ्यानं, त्यांच्याच बोलीत, आणि त्यातला एक शब्द त्या खोलीत उरला नव्हता.

मी रुआताला घेऊन घरी गेलो. माय भिंतीला टेकून बसली होती. समोर भाकरी तशीच. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "हाच का रुआता? ये रे बापा." इतकं सरळ नाव त्या दिवशी गावात दुसऱ्या कुणी घेतलं नव्हतं. तो बूट काढून तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिनं भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या पट्ट्या बांधलेल्या हातावर ठेवला. त्यानं खाल्ला. मग तिनंही एक घास घेतला. बायका म्हणाल्या, सकाळपासूनचा हा पहिला.

"काय म्हणे माहा गजू?" तिनं विचारलं.

मी हिंदीत सांगितलं, जरी त्याला कळलं होतं.

रुआतानं तोंड उघडलं. दारात प्रवीण आणि ती पोरं येऊन उभी होती. हात जोडून, मान खाली घालून. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, ते माफी मागायला आले होते. रुआतानं त्यांच्याकडं पाहिलं. त्याचे ओठ हलले, गाडीत हलत होते तसेच, पण आवाज आला नाही. त्याच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या. मी पोरांना हातानं जा म्हणून खुणावलं, ती चार पावलं मागं सरकली आणि अंगणात उभी राहिली. तिथूनही दिसत होती.

शेवटी तो म्हणाला, "आराम से गया, माताजी. तकलीफ नहीं हुई."

मी त्याचं मराठी केलं. ते खोटं होतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"अजून काही?" मायनं विचारलं.

त्यानं मान हलवली. माय त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली. तिला बहुतेक कळलं होतं की हा काहीतरी घेऊन आलाय आणि देत नाहीये. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. आम्हाला नागपूरला रिपोर्ट करायचं होतं. तो तिच्याजवळ दहा मिनिटं बसला असेल.

परतताना गाडीत मी त्याला म्हणालो, अजून वेळ आहे, गाडी वळवतो, पोरांना गावाबाहेर काढतो, तू एकदा मायला सांग.

"मुँह से नहीं निकलता साब. निकालता हूँ तो वो लोग हँसते हैं."

"त्यांच्या मनात तसं नव्हतं रे." माझ्याही तोंडून तेच वाक्य गेलं.

 तो म्हणाला, "साब, सबके मन में अच्छा ही होता है. लाला बोलनेवाले के भी. मोमो बोलनेवाले के भी. हर बार मुझे ही समझना पड़ता है कि उसके मन में क्या है. थक गया साब." माझ्यासमोर तो एवढं सलग कधी बोलला नव्हता.  

पुढं त्याची बदली झाली, मी पेन्शनीवर आलो. गजाननच्या मायला मी दर दिवाळीत भेटायला जायचो. ती म्हणायची, "तो पोरगा काहीतरी सांगायले आल्ता सुभेदारसाहेब. बोलला नाही. तुम्हाले माहीत हाय का?" मी म्हणायचो, नाही माई. हे मात्र खरं होतं. तिच्यासमोर त्या दिवशीचं सगळं सांगावं असं दोन-तीनदा मनात आलं. पण सांगून तिला काय मिळालं असतं? निरोप मिळाला नसता. निरोप होता आणि तो गावानं हसण्यात घालवला, एवढंच मिळालं असतं. मागच्या वर्षी ती गेली.

यंदा गजाननच्या स्मृतिदिनाला मंडळानं मला बोलावलं. मंडप चांगला होता, फोटोला झेंडूचा हार. प्रवीण आता ग्रामपंचायत सदस्य आहे. दरवर्षी हा कार्यक्रम तोच करतो, मनापासून करतो. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी गजाननचा परिचय वाचला. शेवटी आवाज चढवून म्हणाले, "आणि अखेरचा श्वास घेताना या वीरपुत्राच्या ओठांवर शब्द होते, भारत माता की जय." टाळ्यांनी मंडप दणाणला. पहिल्या ओळीतली शाळेची मुलं तेच ओरडली.

मी उठलो आणि माइकवर गेलो. म्हणालो, हे खोटं आहे. तो काय म्हणाला हे कुणालाच माहीत नाही. ज्याला माहीत होतं तो सांगायला इथपर्यंत आला होता आणि आपण त्याला हसलो.

 गुरुजी माझ्याकडं असं पाहत होते की मीच गजाननचा अपमान केला. मागून कुणीतरी म्हणालं, "यायले तं कशातही काहीतरी दिसते." यायले म्हणजे कुणाले, ते मला विचारायची गरज नव्हती. कार्यक्रमानंतर प्रवीण मला गाडीपर्यंत सोडायला आला. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "साहेब, पोरायले प्रेरणा मिळते म्हणून टाकलं ते वाक्य. हेतू चांगलाच होता हो." मी गाडीत बसलो. त्याच्याशी भांडायची ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिझोरामला फोन लावला. रुआता आता पेन्शनीवर आहे, डोंगरात त्याची आल्याची शेती आहे. इकडचं तिकडचं झाल्यावर मी इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. म्हटलं, माय गेली. आता ज्याचं त्याला देणं राहिलं नाही. मला सांग, गजानन काय म्हणाला होता.

पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं लाइन गेली.

"साब, अब पूरा नहीं आता," तो म्हणाला. "पहले शब्द हँसी के साथ आते थे. अब सिर्फ हँसी आती है."

मी म्हणालो, बरं. त्यानं माझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि फोन ठेवला.

सिग्नलमॅन गजानन, वय चोवीस, मेहकर तालुका, जिल्हा बुलढाणा. ड्युटीवर असताना हिमस्खलनात गेला. त्यानं जोडलेली लाइन त्या दिवशी पुन्हा तुटली नाही, वरच्या चौकीतला आजारी जवान वाचला. शेवटची चाळीस मिनिटं तो एकटा नव्हता आणि गप्पही नव्हता. आपल्या मायशी बोलत होता.